खांब पक्के, भिंती हलत्या

सावळघाट ओलांडून नाशिक-पेठ रस्ता करंजाळीकडे वळला की पाऊस, माती, पिके आणि माणसांची बोली या सर्वांचाच नूर पालटतो. नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस झेलणारा हा डोंगराळ तालुका. भात, नागली आणि वरईवर गुजराण करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. आषाढातील बाजाराच्या दिवशी अशा भागातील सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेल्या ओपीडीत, जे दृश्य दिसते ते ग्रामीण भागाशी संबंध आलेल्या कोणालाही नवे वाटणार नाही. केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी एकच रांग असते. त्या रांगेत तापाने फणफणलेले मूल असते, तीन आठवडे खोकणारा म्हातारा असतो, दिवस भरत आलेली सून असते आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून चार मैल चालत आलेली आजीही असते. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून खिडक्या बंद. आणि खिडक्या बंद, म्हणून म्हाताऱ्याच्या खोकल्यातून जे काही बाहेर पडते ते सून आणि मूल या दोघांच्याही श्वासात जाते. औषध घ्यावयास आलेला माणूस रोग घेऊन परत जावा, ही स्थिती कोणत्याही समाजाला भूषणावह नाही.

या स्थितीचा दोष तेथे राबणाऱ्या डॉक्टरांच्या अथवा परिचारिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो दवाखाना बांधण्याच्या आपल्या कल्पनेत. आपण दवाखान्याची इमारत पन्नास वर्षे टिकावी म्हणून बांधतो. परंतु ती ज्या रोगांसाठी आणि ज्या उपचारपद्धतीसाठी बांधली जाते त्यांपैकी एकही पन्नास वर्षे जशीच्या तशी टिकत नाही. इमारत उभी राहते आणि तिचे प्रयोजन मात्र निघून जाते. नव्या प्रयोजनाला जुन्या भिंतींत कसेबसे कोंबण्यात मग पुढील सारा काळ जातो.

या व्यवस्थेचा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सर जोसेफ भोर नाशिकमध्येच १८७८ साली जन्मले, हे आज फार थोड्या नाशिककरांच्या स्मरणात असेल. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात, तात्काळचा टप्पा म्हणून, दर ४० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे अशी शिफारस केली होती. १९५२ साली समूहविकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. पुढे प्रमाण सुधारत गेले आणि आज डोंगराळ व आदिवासी भागासाठी २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ३ हजारांमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. कागदावरचा हा प्रवास प्रगतीचाच आहे, आणि तो आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या शत्रूंशी झुंजण्यासाठी ही ठाणी उभारली गेली त्यांची नावे आठवून पाहा. देवी, कॉलरा, नारू, हिवताप. देवीचे उच्चाटन झाल्याचे जगाने १९८० साली मान्य केले. भारतातून नारू हद्दपार झाल्यावर २००० साली शिक्कामोर्तब झाले. पोलिओपासून आपण मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र २०१४ साली मिळाले. हे विजय लहान नव्हेत. पण त्या पराभूत शत्रूंच्या जागी जे नवे आले आहेत त्यांची लढण्याची रीतच निराळी आहे.

जुना रोगी दवाखान्यात एकदा येत असे. तो सुई टोचून घेई, बाटलीत औषध भरून घेई आणि बरा झाला अथवा न झाला तरी रांगेतून बाहेर पडे. मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा रोगी आयुष्यभर दर महिन्याला येतो. त्याला टोचण्याची खोली नको असते. त्याला बसावयास बाक, तपासणीला दहा मिनिटे आणि समजुतीने बोलणारे माणूस हवे असते. सिकलसेलच्या तपासणीसाठी २०२३ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली. तिच्यात रक्ताचा थेंब घेणे हे काम एका मिनिटाचे असते. पण तुझ्यात हा दोष आहे आणि लग्न जुळविताना तो लक्षात घ्यावा लागेल, हे एका अठरा वर्षांच्या मुलीला सांगणे हे रांगेसमोर उभे राहून करावयाचे काम नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमात आली, तिलाही दार लागणारी खोली पाहिजे. २०१९ पासून दूरस्थ तज्ज्ञाचा सल्ला पडद्यावरून मिळण्याची सोय झाली, तिलाही शांत कोपरा हवा. मनाचे दुखणे घेऊन येणाऱ्याबद्दल तर बोलावयासच नको. एकांताची ही निकड जुन्या आराखड्यात नव्हती, कारण जुन्या रोगांना तिची फारशी गरज पडत नव्हती.

रोगांप्रमाणे उपचारही पालटतात. क्षयरोग्याला थंड, कोरड्या हवेच्या ठिकाणी महिनोन्महिने ठेवले पाहिजे असा एके काळी वैद्यकाचा दंडक होता आणि त्यावर विसंबून देशभर आरोग्यधामे उभी राहिली. हवापालटाची देवळाली नाशिककरांना परिचयाची आहेच. परंतु १९५९ साली मद्रास येथील क्षयरोग संशोधन केंद्राने प्रयोगान्ती दाखवून दिले की, औषधे नियमित मिळाली तर घरी राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. एका निबंधाने हजारो खाटांचे प्रयोजन संपविले आणि सारा भार बाह्यरुग्ण विभागावर आणून टाकला. आपल्या महाराष्ट्रातच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात विंचूदंशावर प्रॅझोसीन या गोळीचा उपयोग सिद्ध केला, तेव्हा ज्याच्या वाचण्याची आशा सोडावी लागे असा रोगी तालुक्याच्या दवाखान्यातही वाचू लागला. उद्या कोणती गोळी निघेल आणि ती कोणते काम कोणत्या पायरीवर आणून ठेवील, हे सांगणे कोणाही आराखडाकाराला शक्य नाही.

नियम तर याहूनही लवकर बदलतात. सार्वजनिक आरोग्य केंद्रांसाठीची राष्ट्रीय मानके २००७ साली आली. ती २०१२ साली सुधारली गेली आणि २०२२ साली पुन्हा. २०१८ साली उपकेंद्रांचे व प्राथमिक केंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. २०२३ साली त्यांचे नामकरण आयुष्मान आरोग्य मंदिर असे झाले. पाट्या रंगविणाऱ्याला काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण पाटीमागची भिंत जागची हलली नाही. आणि २०२० साली जेव्हा ताप-खोकल्याचे रोगी इतरांपासून वेगळे काढा असा हुकूम सुटला, तेव्हा ठिकठिकाणी दवाखान्यांच्या अंगणात मांडव घालावे लागले. लग्नाचा मांडव रोग्यांच्या उपयोगी पडला याबद्दल मांडववाल्यांचे आभार मानावे. परंतु इमारतीची ती कबुली होती. आपल्या पोटात दोन वाटा करण्याची तिची तयारी नव्हती.

मग उपाय काय? भविष्य ओळखून बांधा, असा उपदेश आम्ही करणार नाही, कारण भविष्य कोणालाच ओळखता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, आपल्याला भविष्य कळत नाही हे गृहीत धरून बांधा. जे टिकावयाचे ते पक्के बांधा आणि जे बदलणार हे निश्चित आहे ते बदलता येईल असे ठेवा. जॉन वीक्स या इंग्रज वास्तुविशारदाने लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाची आखणी याच विचाराने केली. १९७० साली उघडलेल्या त्या रुग्णालयात इमारतींची टोके पुढे वाढविता यावीत म्हणून मुद्दाम मोकळी सोडली होती. पण या तत्त्वाच्या शोधात लंडनपर्यंत जाण्याचे काही कारण नाही. आपल्या जुन्या वाड्यांत भार वाही लाकडी खांब. भिंत ही पुष्कळदा खांबांमधली भरणी. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि घराचे मोजमापही खणांत होई. तीन खणांचे माजघर गरजेप्रमाणे दोन खणांचे होई आणि उरलेला खण कोठीला मिळे. पेठच्या पाड्यांवर तर हे शास्त्र आजही पाहावयास मिळते. तेथील जुन्या घरांचे छप्पर लाकडी मेढींवर उभे असते. भिंती कारवीच्या कुडाच्या, माती-शेणाने लिंपलेल्या. कूड कुजला तर नवा घालतात, सून आली तर आडोसा सरकवितात, छपराला मात्र धक्का लागत नाही. ज्या लोकांना पिढ्यान्पिढ्या हे ज्ञान आहे त्यांच्याच दवाखान्याला आपण न हलणाऱ्या भिंती घालून देतो, हा विपर्यास नव्हे काय?

तेव्हा यापुढे पेठसारख्या तालुक्यात जो दवाखाना बांधला जाईल त्याचा पहिला नियम असा असावा की, त्याचे छत खांबांवर उभे असेल आणि आतल्या एकाही भिंतीवर भार नसेल. सर्व खण सारख्या मापाचे असावेत. मधले आडोसे हलक्या फळ्यांचे असावेत. गावच्या सुताराला ते एका दिवसात काढून दुसरीकडे बसविता आले पाहिजेत. पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाट आणि विजेच्या तारा एका बाहेरच्या भिंतीच्या कडेने सर्व खणांसमोरून जाव्यात, म्हणजे आज जेथे बाक आहेत तेथे उद्या हात धुण्याचे बेसिन अथवा तपासणीचे यंत्र बसविताना फरशी फोडावी लागणार नाही. आणि इमारतीचे एक टोक, वीक्स यांनी ठेविले तसे, वाढीसाठी मोकळे असावे. त्या टोकापुढील जागेत मोटारींचा तळ अथवा पाण्याची टाकी आली की वाढीची वाट कायमची बुजते, हे कोणत्याही सरकारी आवारात पाहून घ्यावे.

दुसरा नियम पडवीचा. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांतील ७० खोल्यांत हवा किती वेळा बदलते हे मोजले गेले. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत खिडक्या उघड्या असता तासाला सुमारे ४० वेळा हवा पालटत होती. नव्या पद्धतीच्या खोल्यांत १७ वेळा. आणि यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत अवघी १२ वेळा. क्षयाचा संसर्ग रोखण्यात उघडी खिडकी महागड्या यंत्राला मागे टाकते, असा याचा अर्थ. परंतु खिडकी नुसती असून भागत नाही, ती आषाढातही उघडी राहिली पाहिजे. लिमामध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. पेठमध्ये तो आडवा येतो. म्हणून येथे दोन्ही अंगांना खोल पडवी आणि तिच्यावर पुढे आलेले छप्पर हवे, म्हणजे पागोळ्या दूर पडतील आणि खिडक्या उघड्या राहतील. खोकणाऱ्यांची रांग त्याच पडवीच्या एका अंगाला, वेगळ्या खिडकीसमोर लावता येईल. साथ आली तर तीच पडवी कनाती लावून वेगळा कक्ष होईल. मांडव मागविण्याची वेळ येणार नाही.

तिसरा नियम खोल्यांच्या नावांचा. आराखड्यात प्रत्येक खोलीवर नाव लिहिण्याची आपली पद्धत आहे. आणि एकदा नाव पडले की आठवड्यातून दोन तास वापरली जाणारी खोली उरलेला वेळ कुलूपबंद राहते. आमच्या उमेदीची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. त्या शाळेत दोन वर्गांमध्ये घडीच्या लाकडी फळ्या होत्या. स्नेहसंमेलन आले की फळ्या मिटत आणि चार वर्गांचे एक सभागृह होई. शाळेत खोलीला नाव नसते, वेळापत्रक असते. दवाखान्यालाही तेच लागू करावे. दार लागणाऱ्या दोन खोल्या असाव्यात. त्यांत एका दिवशी गरोदर स्त्रियांची तपासणी, दुसऱ्या दिवशी मधुमेह-रक्तदाबाची, तिसऱ्या दिवशी कर्करोगाची चाचणी आणि दुपारी दूरस्थ तज्ज्ञाचा सल्ला व्हावा. बाजाराच्या दिवशी त्याच खोल्या सर्वसाधारण रांगेसाठी खुल्या व्हाव्यात. वेळापत्रक दारावर मोठ्या अक्षरांत लावावे आणि आशाताईंमार्फत पाड्यापाड्यांवर पोहोचवावे.

हे वेळापत्रक आठवड्यापुरतेच नसावे. पेठच्या जीवनाला ऋतूंचा पक्का ताल आहे. आवणीच्या दिवसांत शेत सोडून कोणी दवाखान्यात येत नाही. येतो तो सर्पदंशाचा अथवा हगवणीचा रोगी, आणि तो थांबू शकत नाही. भात घरात आले की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला उतरतात. रक्तदाबाची गोळी मात्र वर्षभर चालू राहावी लागते. तेव्हा हिवाळ्यात येथील कामाचा काही भाग फिरत्या पथकाने बागांपर्यंत न्यावा आणि शिमग्याला माणसे परतली की सर्व तपासण्या एकदम हाती घ्याव्यात. त्या मोसमात आडोसे सरकवून दवाखाना मोठा करता आला पाहिजे.

हे सारे ठरविताना ज्यांच्यासाठी ठरवायचे त्यांना विचारावे, हे निराळे सांगावयास नको होते; पण सांगावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना कसा दवाखाना हवा हे त्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. त्यातून झोपड्यांच्या वस्तीसारखा, नातलगांना रोग्यापाशी राहता येईल असा आणि लोकांच्या देवीचे नाव धारण करणारा माँ दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली कामाला आरंभ केला तो गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत. त्याहीपूर्वी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला मोकळ्या जागी रोग्यांची सेवा केली आणि त्यातच १० मार्च रोजी सावित्रीबाईंनी देह ठेविला. इमारतीवाचून सेवा अडत नाही, हे या थोरांनी दाखविले. परंतु त्यांच्या त्यागाकडे बोट दाखवून इमारती वाईट बांधण्याची मुभा आपल्याला मिळत नाही.

यावर आक्षेप येतील, त्यांची दखल घेतली पाहिजे. पहिला असा की, एकाच नमुन्याचे आराखडे स्वस्त पडतात आणि हिशेबाला सोपे जातात. हे खरे आहे; पण खणांचा आराखडाही नमुनाच आहे, फक्त तो भिंतींचा नसून खांबांचा आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सरकारी कचेरीत बिननावाची खोली मोकळी सोडली तर महिन्याभरात तीत मोडक्या खुर्च्या आणि जुनी दप्तरे भरतात. हेही खरे आहे. म्हणूनच कोठी सुरुवातीलाच पुरेशी द्यावी, वेळापत्रकाची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकावी आणि रुग्ण कल्याण समितीने दर तिमाहीस खोल्या उघडून पाहाव्यात. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जेथे डॉक्टरच टिकत नाही तेथे भिंती हलवून काय साधणार? याचे उत्तर आम्ही आडपडदा न ठेवता देतो. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांना पर्याय नाही. आणि बांधकामाच्या उत्साहात त्या जागा भरण्याचे विसरणाऱ्या शासनाला या लेखाचा आधार घेता येणार नाही. परंतु ज्या इमारतीत रोज मनाविरुद्ध काम करावे लागते ती इमारतही माणसांना पळवून लावते, हेही तितकेच सत्य आहे.

शेवटी प्रश्न अधिकाराचा उरतो. आडोसा हलका आहे, पण तो हलविण्यास वरच्या कचेरीची मंजुरी लागणार असेल, तर तो दगडाचाच समजावा. म्हणून बांधकामाच्या खर्चातच पुढील फेरफारांसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि ती खर्च करण्याचा अधिकार स्थानिक रुग्ण कल्याण समितीला द्यावा. रोग्यांची रांग जिला दिसते तिलाच भिंत कोठे असावी हे कळते.

सबंध जिल्ह्याचे दवाखाने पाडून नवे बांधा, अशी आमची मागणी नाही. पेठ तालुक्यात जी पुढची इमारत मंजूर होईल, मग ते उपकेंद्र असो वा प्राथमिक आरोग्य केंद्र, तेवढी एक या रीतीने बांधून पाहा. आराखडा रंगण्यापूर्वी तो पाड्यावरच्या आयाबायांना, आशाताईंना आणि तेथे रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला दाखवा. त्यांनी सुचविलेले बदल करा. पाच पावसाळे गेले की आडोसे किती वेळा आणि कशासाठी हलले याची नोंद काढून ती लोकांसमोर ठेवा. जिल्हा परिषदेला आणि आरोग्य खात्याला यात अशक्य असे काहीच नाही. भोर यांच्या जन्मगावाच्या जिल्ह्याने एवढा पुढाकार घेतला, तर पुढच्या आषाढात पेठच्या त्या सुनेला आणि त्या मुलाला उघड्या खिडकीशेजारी, कोरड्या पडवीत बसता येईल. तो दिवस लवकर आणणे शासनाच्या हाती आहे, आणि त्यासाठी शासनाच्या मागे लागणे आपल्या हाती आहे.